खोडलेला टोला

बुलढाण्याच्या आमच्या कचेरीत तीन जातींचे कॉम्प्युटर येऊन पडले आहेत. एक दिल्लीच्या खात्यानं पाठवलेला, एक मुंबईहून आलेला आणि तिसरा कुठल्याशा बंद पडलेल्या योजनेतून उरला म्हणून आमच्या गळ्यात मारलेला. एकाला दिलेली आज्ञा दुसऱ्याला कळत नाही, दुसऱ्याची तिसऱ्यावर चालत नाही. मागच्या महिन्यात साहेबांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "सिंधूताई, रोजची कामं तिन्ही मशीनवर एकाच लिखाणानं झाली पाहिजेत. त्यासाठी कोणती भाषा घ्यायची ते तुम्ही ठरवा."

खोलीतली तरुण मंडळी लगेच हमरीतुमरीवर आली. एक म्हणे माझी भाषा आटोपशीर, दहा ओळींचं काम दोन ओळींत. दुसरा म्हणे माझी कुठल्याही मशीनवर चालते. मी एवढंच विचारलं, की 'चालू हो' म्हटल्यावर कोणतं मशीन किती वेळानं चालू होतं? दोघं एकमेकांकडे बघून हसले. बाई जुन्या वळणाच्या आहेत, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मला राग आला, पण गिळला. त्यांना ठाऊक असायचं काही कारण नव्हतं.

तीन वेगळ्या यंत्रांसाठी एक भाषा निवडायचं काम आमच्या घरात आधी एकदा झालेलं आहे. १९६४ साली, नांदुऱ्यात. निवडणारा माझा सख्खा मामा, जानराव. आणि त्या निवडीवर लटकलेला होता माझ्या मायचा उजवा हात. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर मामाचं कौतुक ऐकता ऐकता तुम्ही त्याच्या प्रेमात पडाल. तो माणूसच तसा होता.

मामा नांदुऱ्याच्या जिनात लागला तेव्हा सतरा वर्षांचा होता. जिन म्हणजे कापसातली सरकी काढून रुई वेगळी करायचा कारखाना. मामाचं काम वाफेच्या इंजिनाभोवती तेलाचा डबा घेऊन फिरायचं. शिक्षण चौथी. पण कान असा, की चालत्या इंजिनाकडे पाठ करून उभा राहायचा आणि कोणतं बेअरिंग तापायला लागलंय ते सांगायचा. पस्तिशी गाठेपर्यंत तो फिटर झाला, तरी मालक आणि मुकादम त्याला 'जान्या'च म्हणायचे. आमच्या वस्तीतल्या माणसाच्या नावाला 'राव' लावताना बऱ्याच लोकांची जीभ जड व्हायची. आम्ही धर्म बदलून आठ वर्षं झाली होती, पण जिनात त्याचा पत्ता नव्हता. मामा घरी आला की हात इतका वेळ धूत बसायचा, की माय म्हणायची, "कातडं निघून जाईन ना बाप्पा."

माय म्हणजे केसरबाई, मामाची थोरली बहीण. माझा बाप गेला तेव्हा मी दोन वर्षांची होते. त्याच हंगामात माय त्याच जिनात रेच्यावर बसली. रेच्यात एक कातडी रोळ फिरतो आणि त्याला लागून पोलादी सुरी खालीवर होते. बाया समोर बसून मुठीमुठीनं कापूस चारतात, रुई ओढली जाते, सरकी खाली पडते. अशा बत्तीस रेच्यांची रांग एका लांब दांड्यावर पट्ट्यांनी फिरायची, आणि तो दांडा फिरवायचं इंजिन.

आता इथं नीट लक्ष द्या. वाफेचं इंजिन अंगानं जड. सुरू करायचा भोंगा झाला, की ड्रायव्हर वाफ हळूहळू सोडायचा, मोठं चाक आळस देत हलायचं आणि रेच्याला खरा वेग येईपर्यंत वीस आकडे मोजून व्हायचे. या वीस आकड्यांचा बायांनी आपल्या सोयीनं उपयोग करून घेतला होता. रोळाला रुईचा वेढा बसतो, तो काढावा लागतो. बंद रोळावरून तो पुढच्या बाजूनं तेवढा निघतो, मागचा तसाच राहतो. भरवेगात हात घालायची सोय नाही. पण रोळ हळूहळू फिरत असताना वेढ्याचं टोक धरून ठेवलं, की एका फेऱ्यात सगळा वेढा सोलून हातात येतो. माझी माय डाव्या हातानं पदर खोचायची आणि उजव्या हातानं वेढा काढायची, तेही शेजारच्या चांगुणामावशीशी गप्पा मारता मारता. हे कोणी शिकवलं नव्हतं आणि कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं. भोंगा झाला की हात रोळाकडे जायचा.

मालक उत्तमराव हे बीबी गावचे मोठे जमीनदार. बीबीला त्यांचं दुसरं जिन होतं, तेलाच्या इंजिनावर चालणारं. चौसष्ट साली त्यांनी नांदुऱ्यातच, रेल्वे लाइनच्या पलीकडे तिसरं काढलं, विजेवरचं. तीन जिनं, तीन तऱ्हेची यंत्रं आणि तीन तऱ्हेचे इशारे. नांदुऱ्याच्या जुन्या जिनात एक भोंगा म्हणजे चालू, दोन म्हणजे बंद. बीबीला पत्र्यावर दोन टोले म्हणजे चालू. नव्यात विजेची घंटी, तिचं अजून काहीच ठरलेलं नव्हतं. आदल्या वर्षी नांदुऱ्याच्या बाया महिनाभर ट्रकनं बीबीला नेल्या होत्या. दोन टोले ऐकून त्या बंद समजून निवांत उठल्या आणि एकीचा पदर पट्ट्यात गेला. लुगडं गेलं, बाई वाचली. उत्तमरावांनी ते मनावर घेतलं. मामाला ओसरीवर बोलावून म्हणाले, "जानराव, तिन्ही जिनाची बोली एक करून द्या."

'जानराव' म्हणाले, 'जान्या' नाही. मामानं हा प्रसंग मला आयुष्यात चाळीसदा तरी सांगितला असेल, आणि दरवेळी त्या शब्दाशी आला की तो थोडा थांबायचा.

मग आठवडाभर तो कामावरून आमच्या अंगणात येऊन बसायचा, मांडीवर वही. मी समोर बसून अभ्यास करायची आणि तो मोठ्यानं विचार करायचा. पाट्या लिहाव्या, तर वाचणार कोण? भोंगा ठेवावा, तर तेलाच्या आणि विजेच्या जिनात वाफ कुठून आणायची? घंटी ठेवावी, तर बीबीच्या जिनात वीज नाही. लाल-हिरवे कंदील ठेवावेत, तर उडत्या रुईत पाच हातांवरचं माणूस दिसत नाही. ओरडून सांगावं, तर बत्तीस रेच्यांच्या आवाजात कोणाचं ऐकू येणार? शेवटी त्यानं रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा आणला, आमच्या कडुनिंबाला टांगला आणि हातोडीनं हाणला. शेजारची कुत्री उठून पळाली. मामा म्हणाला, "जमलं. याले ना वाफ लागत, ना वीज."

मी आज हेच काम करून पोट भरते, म्हणून सांगते, ही निवड पक्की होती. जी भाषा सगळ्यात गरीब यंत्रापाशीही बोलता येते, ती घ्यायची. पुस्तकं न वाचता मामाला ते कळलं होतं.

मग त्यानं टोल्यांचा अर्थ ठरवला. वहीत पहिल्यांदा लिहिलं ते असं: एक टोला, सावध. मग वीस आकडे थांबायचं. मग दोन टोले, चालू. तीन टोले, बंद. न थांबता टोले, आग. ही वही माझ्याकडे आहे. सावधची ओळ पट्टी धरून खोडलेली आहे, आणि खाली सुवाच्य अक्षरात दुसरी यादी आहे: एक टोला, चालू. दोन, बंद. न थांबता, आग.

खोडली कारण उत्तमराव म्हणाले, "सावध कशाले पाह्यजे? इंजिन सुटाले वेळ लागतेच ना?" जुन्या जिनात ते खरं होतं. शिवाय एक आणि दोन ठेवले, की नांदुऱ्याच्या बायांना नवं काही शिकावं लागत नव्हतं, भोंग्याच्या जागी टोला एवढाच फरक. मामालाही ते आवडलं. कमी शब्दांत काम झालं, की करणाऱ्याला आपल्या हुशारीची नशा चढते. मला स्वतःला चढते, म्हणून माहीत आहे.

मायला मात्र ते पहिल्या दिवशीच खटकलं. भाकरी थापता थापता तिनं विचारलं, "जाना, हा एक टोला पडला म्हंजे रेचा सुरू?"

"हाव."

"लगेच?"

"तुह्या वाफेच्या जिनात लागते तितकाच वेळ लागीन. नव्यात लगेच. बटन दाबलं का झालं."

"आन् आमचा हात?"

"हाताचं काय?"

"रोळावर रायते ना तो, टोल्याच्या टायमाले."

"मंग नका ठेवू. मी सांगतो ना सगळ्याईले."

"सांगून हात ऐकते का बे? दहा वर्सं झाली त्याले."

मामा हसला नाही. वही मिटून म्हणाला, "बाई, तू रेचे चारते. मी वीस वर्सापासून यंत्रं पाहून राह्यलो."

तव्यावरची भाकरी एका बाजूनं करपली होती, ती मायनं स्वतःच्या ताटात ठेवली.

पुढच्या रविवारी मामा आम्हा दोघींना नवं जिन दाखवायला घेऊन गेला. भिंती पांढऱ्या, रेचे कोरे करकरीत, कापसाचा वासही अजून यायचा होता. आत बटणापाशी एक माणूस उभा केला होता. मामानं आम्हाला दहा पावलं लांब उभं केलं आणि रुळावर एक टोला दिला. रिकाम्या रेच्यांची अख्खी रांग त्याच क्षणी भरवेगात आली. टोल्याचा आवाज अजून हवेत होता आणि सुऱ्या खालीवर व्हायला लागल्या होत्या. मामाचा चेहरा फुलला. मी मायकडे बघितलं. तिनं उजवा हात पदराखाली घेतला होता आणि डाव्यानं घट्ट धरून ठेवला होता. परत येताना फाटक बंद होतं, मालगाडी जाईपर्यंत आम्ही उभे राहिलो. तेवढ्या वेळात मामा एकटाच बोलत होता.

त्यानं सांगितलं नाही असं नाही. नव्या जिनाच्या भिंतीवर त्यानं स्वतः रंगानं लिहिलं, 'टोल्यानंतर रेच्याला हात लावू नये.' बायांना गोळा करून दोनदा वाचून दाखवलं. बायांनी माना हलवल्या. त्याला वाटलं, झालं.

माय घरी मला समोर बसवायची. मी थाळीवर पळी आपटायची आणि तिनं हात मांडीवर तसाच ठेवायचा, असा तिचा सराव. पहिल्या दिवशी दहातले सात वेळा हात हलला. ती स्वतःलाच हसली, मीही हसले. तिसऱ्या दिवशी दहातले चार वेळा. मी म्हटलं, माय, जमतंय. ती म्हणाली, "ध्यान असलं का जमते. ध्यान नसल्यावर काय करीन?" तेव्हा मला ते नुसतं बोलणं वाटलं.

चार दिवसांनी जुन्या जिनाचा बॉयलर तपासणीसाठी बंद झाला आणि बत्तीस बाया लाइनच्या पलीकडे गेल्या. सकाळी सगळं ठीक झालं. टोल्याच्या आधी मामानं मध्ये उभं राहून, सगळ्यांचे हात वर करून घेतले, शाळेतल्या कवायतीसारखे. बाया हसत होत्या. दुपारच्या सुट्टीनंतर मामानं हात वर करायला सांगितलं नाही. सकाळी जमलं होतं, आता पुन्हा कशाला, असं त्याला वाटलं असणार. तो रुळापाशी गेला.

मी शाळेत होते. पुढचं चांगुणामावशीनं सांगितलेलं. माय माझ्याबद्दलच बोलत होती, की सिंधूला सातवीनंतर पुढं शिकवायचं, खामगावला ठेवावी लागली तरी ठेवायची. बोलता बोलता तिनं डाव्या हातानं पदर खोचला. मावशी म्हणते, टोला आधी ऐकला की केसरबाईचा आवाज, हे तिला आजही सांगता येत नाही. मामानं लगोलग दोन टोले दिले आणि बटण बंद होताच सगळे रेचे जागच्या जागी थांबले. बंदचा टोला त्या जिनात फार चांगला चालला.

चार बोटं गेली. अंगठा राहिला.

मामाच्या बाजूनं जे आहे तेही सांगते. पुढच्याच आठवड्यात त्यानं तिन्ही जिनांत सावधचा टोला परत घातला. उत्तमरावांनी वेळ वाया जातो म्हणून कुरकुर केली, पण मामानं ऐकलं नाही. आधी एक टोला, मग वीस आकडे, मग दोन. त्यानंतर चौदा वर्षं तो तिथं मिस्त्री होता आणि त्या चौदा वर्षांत कोणाच्या बोटाला खरचटलं नाही. माझ्या शिक्षणाचा खर्च त्यानं केला. हे सगळं खरं आहे, आणि तरी मी त्याला माफ केलेलं नाही. कारण दवाखान्यातला नववा दिवस.

त्या दिवशी सकाळी मामा आला. खाटेजवळ खाली बसला, खिशातून वही काढली आणि खोडलेली ओळ मायपुढं धरली. तिला वाचता येत नव्हतं, पण रेघ दिसत होती.

"बाई, हा टोला मीनं खोडला. आज सरकारी साहेब येऊन राह्यला. त्याले दाखवतो."

मायनं ती रेघ बघितली. मग म्हणाली, "दाखवशीन तं तुही नोकरी जाईन."

"जाऊ दे."

"ठेव ते खिशात."

मामानं वही खिशात ठेवली. तेव्हाच मला काहीतरी वाईट होणार असं वाटलं, आणि काय ते कळत नव्हतं.

दुपारी कारखान्यांची तपासणी करणारे साहेब आले. सोबत उत्तमराव. मामा दारात उभा राहिला. साहेब माणूस वाईट नव्हता. त्यानं स्टूल ओढून घेतलं आणि सावकाश विचारलं, "बाई, यंत्र सुरू व्हायच्या आधी तुम्हाला काही इशारा मिळाला होता का?"

उत्तर सोपं होतं. नाही म्हटलं असतं, तर दोष टोल्याचा ठरला असता, आणि मायला तिच्या हाताची जी काही भरपाई मिळायची ती मिळाली असती. मायनं आधी साहेबाकडे बघितलं, मग मामाच्या खिशाकडे.

"सांगतलं होतं साहेब. भितीवर बी लिवलं होतं."

"तुम्हाला वाचता येतं?"

"नाई. भावानं वाचून दाखवलं होतं. दोन खेपा. हात मीच घातला."

साहेबानं लिहून घेतलं. लिहिताना मध्येच थांबून त्यानं उत्तमरावांना विचारलं, की ही इशाऱ्यांची पद्धत कोणी बसवली? उत्तमरावांनी दाराकडे हात केला. "हे जानराव मिस्त्री." साहेबानं मामाकडे बघून विचारलं, "तुम्हाला यात काही सांगायचं आहे?"

मी मामाकडे बघत होते. बारा वर्षांची होते, पण वहीत काय आहे ते मला त्या खोलीतल्या सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं. मामाचा हात खिशापर्यंत गेला. खिशावर थांबला.

"नाही साहेब," मामा म्हणाला.

उजव्या हाताला पट्ट्या होत्या म्हणून साहेबानं मायच्या डाव्या हाताचा अंगठा घेतला. ते तिघं निघून गेले. माय मला म्हणाली, "सिंधू, एवढी शाई पुसून दे वं. मले एका हातानं पुसता नाई येत."

मी तिच्याच पदराचं टोक ओलं करून पुसत बसले. ती निघत नव्हती.